बिनशॉकअपची सायकल निपाणीला पोचवताना

बेळगावहून निपाणीला जायला बस आहे. वडापची जीपही मिळते. स्वतःची गाडी असेल तर प्रश्नच नाही, हायवेला लागलं की तास-दीड तासात माणूस इस्त्री न मोडता निपाणीच्या स्टँडवर उभा. आम्ही दोघांनी याच कामाला दोन दिवस घेतले, त्यात एक सायकल मोडून घेतली आणि ढोपरं सोलवटून घेतली. हे वाचून कुणाला तिकडं सायकल मारत जावंसं वाटेल अशी माझी अपेक्षा नाही. उलट जाऊ नका असंच मी सांगेन. पण परत आल्यापासून कोर्टातल्या बाररूममध्ये जो तो विचारतोय, नेमकं काय झालं, आणि वकील असल्यामुळं मी प्रत्येकाला वेगळं सांगतोय. तेव्हा खरं काय ते एकदा लिहून टाकलेलं बरं.

आम्ही दोघं म्हणजे मी आणि शंकरअण्णा. अण्णा मूळचे खानापूरकडच्या एका खेड्यातले. बँकेत कॅशियर होते, नोकरीतच टिळकवाडीत घर बांधलं, आता निवृत्त आहेत. माझ्यापेक्षा चांगले आठ-दहा वर्षांनी मोठे. दोन वर्षांपूर्वी वहिनी गेल्या, तेव्हापासून घरात एकटेच. मुलगा प्रवीण बेंगळूरला, चांगल्या कंपनीत.

आमची ओळख सायकलमुळं झाली आणि सायकलमुळंच टिकली. दोघांच्याही सायकली नव्वदच्या दशकातल्या, परदेशी बनावटीच्या, डोंगरात चालवायच्या म्हणून केलेल्या. सांगाडा पोलादी. शॉकअप ना पुढं ना मागं. आजकालच्या महागड्या सायकली दोन बोटांनी उचलल्या जातात आणि खड्ड्यातून गेल्या तरी चालवणाऱ्याला पत्ता लागत नाही. आमची सायकल खड्ड्यात गेली की खड्डा थेट मणक्यापर्यंत पोचतो. गिअर अंगठ्यानं ढकलायचे. ब्रेक दाबला की ती आधी किंचाळते आणि मग सवडीनं थांबते. या सगळ्याला आम्ही ‘रस्ता कळतो’ असं म्हणतो.

माझी सायकल गोव्यात मिळाली. मायदेशी निघालेला एक गोरा ती झाडाला टेकवून विकत बसला होता. रेल्वेनं लोंढ्यापर्यंत आणली आणि तिथून चालवत बेळगावला. अण्णांची सायकल कॅम्पातल्या एका लष्करी अधिकाऱ्याची. त्यांची बदली झाली, सामान विकायला काढलं. लोक फ्रिज आणि सोफ्याभोवती गोळा झाले होते आणि अण्णांनी मागच्या व्हरांड्यात उभी असलेली ही निळसर हिरवी सायकल मागितली. वहिनी त्यांना घेऊन फ्रिज बघायला गेल्या होत्या. तो विषय त्या घरात पुढं बरीच वर्षं चालला.

असल्या सायकली बाळगणारे आमच्यासारखे इतरही आहेत. फोनवर त्यांचा एक ग्रुप आहे. तिथला धर्म एकच, सगळं ओरिजिनल पाहिजे. ज्यानं नवा पार्ट लावला त्याच्याकडं घरात बायको असताना दुसरी केल्यासारखं बघतात. फोटो काढायचा तो चेनच्या बाजूनंच. गिअर, चेन, पेडल, सायकलचा सगळा चेहरा त्या बाजूला. कुणी दुसऱ्या बाजूनं फोटो टाकला की लगेच विचारणा होते, काय लपवताय? आणि शॉकअपवाल्यांशी वाद झाला की शेवटचं अस्त्र ठरलेलं. पोलाद आहे, मोडत नाही, आणि मोडलंच तर कुठल्याही खेड्यात वेल्डिंग करून मिळतं. अण्णा हे गेली तीस वर्षं ऐकवत आले होते. वेल्डिंगची वेळ कधी आलीच नव्हती, त्यामुळं त्यांच्या बोलण्यात कमालीचा ठामपणा होता.

आता निपाणीचं कारण. वहिनी गेल्यावर प्रवीणनं अण्णांना बेंगळूरला न्यायचं ठरवलं. फ्लॅट चौदाव्या मजल्यावर. लिफ्टमध्ये सायकल न्यायला तिथल्या असोसिएशनची बंदी आणि तळघरातली जागा फक्त मोटारींना. तेव्हा सायकल विकायची, असं त्यानंच ठरवलं आणि नेटवरून गिऱ्हाईकही त्यानंच शोधलं. कोल्हापूरचा एक तरुण कॉफीचं दुकान काढत होता आणि त्याला भिंतीवर टांगायला जुनी सायकल हवी होती. अट अशी की रंगापासून नटबोल्टपर्यंत सगळं मूळचं पाहिजे, कुठंही दुरुस्ती केलेली नको. निपाणी दोघांना मध्ये पडते म्हणून भेटायचं तिथं ठरलं. सायकल टेम्पोत घालून पाठवा, असं प्रवीण म्हणाला. अण्णा म्हणाले, मी चालवत नेऊन देतो. एवढं एकच त्यांनी स्वतःचं ठरवलं.

बाकी सगळ्याला ते ‘व्हय’ म्हणत होते. घर भाड्यानं द्यायचं, व्हय. महिनाअखेरीला निघायचं, व्हय. अण्णांना जायचं आहे का, हे मात्र कुणी विचारलं नव्हतं. मीही नाही. मुलगा चांगला, सून चांगली, नात गोड, मग त्यात विचारायचं काय, असा आम्हा सगळ्यांचा समज होता.

वंटमुरीचा उतार

जानेवारीतली सकाळ होती आणि बेळगावची थंडी अंगात शिरत होती. अण्णा कानटोपी घालून दारात उभे होते आणि सायकल नव्या नवरीसारखी नटली होती. महिनाभर त्यांनी तिला जुन्या दातांच्या ब्रशनं घासलं होतं. माझं लक्ष टायरकडं गेलं. नेहमीचे टायर काढून त्यांनी माळ्यावर जपून ठेवलेले, सायकलबरोबर आलेले मूळचे टायर चढवले होते. गिऱ्हाइकाला सगळं ओरिजिनल द्यायचं म्हणून. मी टायरची कड अंगठ्यानं दाबून बघितली, तिला बारीक बारीक भेगा होत्या. मी म्हटलं, हे टायर पिशवीत घालून नेऊ, तिथं गेल्यावर बदलू. अण्णांना ते अप्रामाणिक वाटलं. दाखवायचं एक आणि चालवायचं एक, असं आपण करत नाही म्हणाले. मी कोर्टात आयुष्य काढलेलं, मला हे नवीनच होतं. गुपचूप एक साधा नवा टायर पाठपिशवीत टाकला आणि निघालो.

काकतीपर्यंत सर्व्हिस रोडनं गेलो. एका हॉटेलात उप्पीट-शिरा खाल्ला. मालकानं सायकलींभोवती एक चक्कर मारली, पुढचा चिमटा हलवून बघितला आणि शॉकअप कुठं आहेत म्हणून विचारलं. नाहीत म्हटल्यावर त्यानं अण्णांकडं बघितलं, मग माझ्याकडं, आणि मग चहा त्याच्याकडून दिला. असल्या सायकलीवर फिरणाऱ्यांना या भागात कीव आणि चहा दोन्ही मुबलक मिळतं.

पुढं चढ, मग वंटमुरीचा घाट. अण्णा पुढं, मी मागं. उसाचा हंगाम, त्यामुळं भरलेल्या ट्रॉल्यांची रांग आणि रस्त्याच्या कडेला सांडलेल्या उसाच्या कांड्या. उताराला लागल्यावर अण्णांनी मान खाली घातली आणि सायकल सोडून दिली. या वयात तसं करू नये, हे मी त्यांना अनेकदा सांगितलं आहे, आणि मीही तेच करत मागून चाललो होतो. तेवढ्यात फटाका फुटल्यासारखा आवाज झाला. पुढचा ओरिजिनल टायर कडेनं फाटला होता. अण्णा एका बाजूला, सायकल दुसऱ्या बाजूला. ती घसरत गेली आणि पुलाच्या कठड्यावर मागच्या बाजूनं आदळली.

अण्णांना उठवलं. ढोपरं आणि कोपर सोलवटलं होतं, हाडं शाबूत होती. ते स्वतःकडं बघेचनात. लंगडत सायकलकडं गेले आणि तिच्यापाशी खाली बसले. मागचं चाक ज्या लोखंडी कानात बसतं, तो चेनच्या बाजूचा कान तडकून वेगळा झाला होता. पुढं मी आणलेला टायर चढवता आला असता. पण मागचं चाक धरायलाच काही उरलं नव्हतं. अण्णा नुसतेच त्या तडकलेल्या जागेवरून बोट फिरवत राहिले.

मागून येणाऱ्या ट्रॉलीवाल्यानं ट्रॅक्टर थांबवला. हा हुक्केरीकडचा, कन्नड बोलणारा, आणि गरजेपुरतं मराठी. आवाज ऐकून त्याला वाटलं होतं बंदूक उडाली. परिस्थिती कळल्यावर त्यानं दोन्ही सायकली उसाच्या ढिगावर चढवून दोरीनं आवळल्या आणि आम्हाला दोन्हीकडच्या मडगार्डांवर बसवलं. आमच्या ग्रुपातले लोक असल्या सायकली मऊ दुलईत गुंडाळून मोटारीतून नेतात. आमच्या दोन्ही सायकली उसाच्या शेंड्यांत रुतून, डेकवरच्या कन्नड गाण्यांच्या तालावर हलत संकेश्वरला निघाल्या. वाटेत त्यानं ऊस मोडून दिला. तो खाताना माझी एक दाढ दुखावली, ती अजून दुखते.

संकेश्वर

संकेश्वरला उतरल्याबरोबर माझ्या नंबरवर प्रवीणचा फोन आला. मी वाटेत त्याला कळवलं होतं. त्याचं म्हणणं सरळ होतं आणि शहाणपणाचंही. सायकलला हात लावू नका, आहे तशी टेम्पोत घाला. त्यानं गिऱ्हाइकाशी बोलणं केलं होतं. तडा गेला असेल तर हरकत नाही, पुण्यात याच कामातला माणूस आहे, तो कळणारही नाही असं करून देईल. फक्त इकडं तिकडं वेल्डिंग मारू नका, कामातून जाईल. अण्णांनी सगळं ऐकून घेतलं, व्हय म्हणाले, फोन ठेवला आणि समोरच्या पानपट्टीवाल्याला विचारलं, इथं वेल्डिंगचं शॉप कुठं हाय?

मला तेव्हा पहिल्यांदा शंका आली.

शॉप बाजारापासून थोडं पुढं, उसाच्या ट्रॉल्या दुरुस्त करणारं. मालकाचं नाव बसू. आडवा बांधा, कानात रिंग, मराठी आणि कन्नड एकाच वाक्यात. त्याच्यासमोर एका ट्रॉलीचा माणसाच्या मांडीएवढा जाड हूक पडला होता. अण्णांनी सायकल पुढं केली. बसूनं नळी टकटक वाजवली आणि मान हलवली. लई पातळ हाय म्हणाला, जळून जाईल. हे लोखंड सायकलचं हाय का डब्याचं? अण्णांनी त्याला पोलादाची जात समजावून सांगायचा प्रयत्न केला. बसूनं आदरानं ऐकलं आणि आहे तोच जाड रॉड घेतला, कारण दुसरा नव्हता.

त्यानं चष्मा लावला, आम्हाला तिकडं बघायला सांगितलं आणि काम सुरू केलं. आम्ही भिंतीकडं तोंड करून उभे राहिलो. रंग जळल्याचा वास आला. अण्णांनी डोळे मिटले. थोड्या वेळानं बसूनं हाक मारली. कानाच्या जागी कांदाभज्याएवढा एक ओबडधोबड गोळा जमला होता आणि त्याच्याभोवती टीचभर निळसर हिरवा रंग जळून काळा झाला होता. इतकं कुरूप वेल्डिंग मी आयुष्यात बघितलेलं नाही. बसूला मात्र ते फार आवडलं. मागं ट्रॉली जोडली तरी आता ते निघायचं नाही, असं त्यानं छातीवर हात ठेवून सांगितलं, आणि खात्रीसाठी स्वतः मागचं चाक आणि पुढं माझा नवा टायर बसवून, सायकलीवर चढून, मेन रोडवरून एक चक्कर मारून आला. परत येताना हसत होता. शॉकअप नाहीत म्हणून त्यालाही वाईट वाटलं.

लॉजच्या मॅनेजरनं सायकली खोलीत नेऊ देणार नाही म्हणून सांगितलं. वरच्या मजल्यावर भिंतीला तसा नियमच लिहिलेला होता. अण्णांनी त्याला आपण कुठून आलो, काय झालं ते सांगितलं, ढोपरं दाखवली. त्यानं मग स्वतः येऊन एक सायकल मागून उचलून जिन्यावर चढवायला मदत केली आणि नियमाच्या खालीच टेकवून ठेवली. असोसिएशन नावाची गोष्ट संकेश्वरात अजून यायची आहे.

संध्याकाळी खानावळीत झुणका, भाकरी आणि ठेचा. आमच्या बेळगावात पाहुणा आला की खव्याचा गोड कुंदा पुढं करतात. त्यामुळं आम्हा मंडळींची जीभ लाडावलेली असते. इथं पाहुण्याच्या ताटात आधी ठेचा येतो. संकेश्वरच्या मिरचीचं नाव ऐकून होतो. पहिल्या घासाला कान गरम झाले, दुसऱ्याला नाकातून पाणी आलं. वाढणाऱ्या बाईंनी न विचारता दही आणून ठेवलं. अण्णा मात्र तो ठेचा शांतपणे खात होते आणि त्यांच्याही डोळ्यांत पाणी होतं, त्यामुळं मला काही वेगळं वाटलं नाही.

हात धुऊन आल्यावर मी त्यांना विचारलं की उद्या गिऱ्हाईक ते वेल्डिंग बघून नको म्हणालं तर काय करायचं. ते म्हणाले, त्यात मी काय करणार, ज्याची त्याची मर्जी. पण हे म्हणताना त्यांचा चेहरा इतका खुलला की वकिलालाही कळावं. मग आपण होऊनच ते बेंगळूरबद्दल बोलले. मागच्या खेपेला तिथं महिनाभर राहिले होते. 

“रोज सकाळी खाली उतरलो की वॉचमन इचारायचा, कुठं चाललाय. पोरगं चांगलं हाय, कामच हाय त्याचं ते. मी म्हणायचो, कुठं न्हाय. आणि मग खरंच कुठं जायचो न्हाय. परत वर यायचो.”

मी म्हटलं, प्रवीणला सांगितलं का हे? ते म्हणाले, काय सांगू, त्यानं माझ्यासाठी बाल्कनीत आरामखुर्ची आणून ठेवलीया. एवढं बोलून त्यांनी बडीशेप तोंडात टाकली आणि विषय बदलला.

निपाणी

दुसऱ्या दिवशी बसूच्या भज्यावर भरवसा ठेवून निघालो. कणगल्यापर्यंत हायवे टाळून आतल्या रस्त्यानं गेलो. रस्ता म्हणजे खडी आणि तिच्या आठवणीपुरतं डांबर. अशा ठिकाणी आमच्या सायकली खऱ्या शोभतात, म्हणजे चालवणाऱ्याचे दात वाजतात आणि त्याला आनंद होतो. एका गुऱ्हाळावर थांबलो, गरम काकवी हातावर घेऊन चाटली. गुऱ्हाळवाल्यानं सायकली बघून विचारलं, किती जुन्या. सांगितल्यावर म्हणाला, मग आता नव्या का घेत नाही? यावर आमच्या ग्रुपात मोठमोठे लेख लिहिले जातात. अण्णा म्हणाले, हीच चांगली चालते हो. मला वाटतं त्या लेखांपेक्षा हे बरं उत्तर होतं.

वेल्डिंग टिकलं. नुसतं टिकलं नाही, अण्णा आदल्या दिवसापेक्षा जोरात चालले होते. तवंदी घाटाच्या उतारावर मी ब्रेक धरून किंचाळत येत होतो आणि अण्णा फार पुढं, वळणावर आडवे होत, तोंडानं काहीतरी ओरडत होते. खाली पोचल्यावर मी विचारलं, काय ओरडत होता? त्यांना आठवेना. नुसतेच हसत राहिले. इतकं हसताना मी त्यांना वहिनी गेल्यापासून बघितलं नव्हतं, आणि हीच सायकल आपण आता टांगायला नेतोय, हे मला नीट आठवलं.

निपाणीत शिरलं की आधी शिंक येते. वखारींतून तंबाखूचा वास हवेत असतो. तिथल्या लोकांना तो जाणवत नाही आणि पाहुणा शिंकला की त्यांना कळतं, गडी बाहेरचा आहे. स्टँडजवळच्या हॉटेलबाहेर गिऱ्हाईक उभं होतं. नाव ऋतुराज. दाढी नीट कोरलेली, बोलणं नम्र, येताच दोघांच्या पाया पडला. त्याच्याबद्दल वाईट सांगावं असं माझ्याकडं काही नाही, आणि तीच अडचण होती.

अण्णांनी वेळ न घालवता सायकल त्याच्यासमोर उभी केली, चेनची बाजू पुढं. वेल्डिंगवर बोट ठेवलं. काल असं झालं, टेम्पोत घालायला सांगितलं होतं, मी घातली नाही, मीच हे करून घेतलं, पुढचा टायरही साधा आहे. कुरूप दिसतंय. तुम्हाला ओरिजिनल पाहिजे होती. तुम्ही नको म्हणालात तरी मला राग नाही. हे सगळं त्यांनी एका दमात सांगितलं आणि शिक्षा ऐकायला नव्हे, सुटका ऐकायला उभा राहिलेल्या माणसासारखे त्याच्याकडं बघत राहिले.

ऋतुराजनं वाकून बघितलं. त्याचा चेहरा क्षणभर पडला हे मी पाहिलं. मग त्यानं खिशातून टेप काढला, सायकलची लांबी मोजली, हँडल मोजलं, थोडा विचार केला आणि मोठ्या मनानं म्हणाला, “चालतंय की काका. ती बाजू भिंतीकडं करू. दिसणार पण न्हाय कुणाला.”

अण्णांनी विचारलं, “चेनची बाजू भिंतीकडं?”

तो म्हणाला, हो, वर पिवळा दिवा सोडणार आहे, भारी दिसेल. टायरमध्ये हवा नसली तरी चालेल, उलट वजन कमी करायला चेनच काढून टाकू. तुम्ही केव्हाही कोल्हापूरला या, तुमच्या सायकलीखाली बसून कॉफी प्या, पैसे घेणार नाही. तो मनापासून बोलत होता.

चहा आला. त्यांनी बशीत ओतून सावकाश प्यायला, कप खाली ठेवला आणि त्या मुलाच्या खांद्यावर हात ठेवला. आपण सायकल देत नाही, तुम्हाला कोल्हापूरहून हेलपाटा झाला, माफ करा, असं सांगितलं. ऋतुराजला काही कळेना. त्यानं माझ्याकडं बघितलं. मी वकिली चेहरा केला, म्हणजे कुठलाच नाही. वेल्डिंगबद्दल मी काही म्हणालो नव्हतो, असं तो पुन्हा पुन्हा सांगत होता. अण्णा म्हणाले, तुमचं काही चुकलेलं नाही. चहाचे पैसे त्यांनी त्याला देऊ दिले नाहीत, आणि घरात कुणाला बेळगावात कॉलेजला प्रवेश हवा असेल तर कळवा, असंही कारण नसताना सांगून ठेवलं.

परत तवंदी

ज्या घाटातून सकाळी ओरडत उतरलो होतो, तोच आता चढायचा होता. खरं तर निपाणीत बसच्या टपावर सायकली टाकता आल्या असत्या. ते दोघांनाही सुचलं आणि कुणीच बोललं नाही. चढाच्या पहिल्या वळणापर्यंत आम्ही सायकलीवर होतो. नंतर मी उतरलो आणि थोड्या वेळानं अण्णाही उतरले. बाकीच्यांना वाटावं की आम्ही निसर्ग बघत चाललोय, अशा बेतानं दोघंही सायकली ढकलत निघालो. शेजारून भरलेल्या ट्रॉल्या आमच्याच वेगानं घरघरत चढत होत्या.

मी बडबड करत होतो. म्हटलं, बेंगळूरलाही ठेवता येईल काहीतरी करून, असोसिएशनला मी नोटीस धाडतो, सायकल हे वाहन नाही असा मुद्दा काढता येईल. खालच्या मजल्यावरच्या कुणाची तरी जागा घेता येईल. मी चांगलाच रंगात आलो होतो. त्यांनी मला मध्येच थांबवलं आणि माझा फोन मागितला, त्यांचा काल पडल्यापासून नीट लागत नव्हता. रस्त्याच्या कडेला, कठड्याला टेकून त्यांनी प्रवीणला फोन लावला.

ट्रॉल्यांच्या आवाजात त्यांना मोठ्यानं बोलावं लागत होतं, त्यामुळं मला सगळं ऐकू आलं.

“प्रवीण, सायकल दिली न्हाय बाळा. ... न्हाय, तो घेत होता. मीच दिली न्हाय. ... आरं ऐक की. सायकलचं ऱ्हाऊदे. मी बी येत न्हाय.”

मग प्रवीणनं काहीतरी विचारलं.

“रागावून न्हाय रं. तू लई केलंस माझ्यासाठी. पण मला तिथं कुठं जायला न्हाय. इथं हाय.”

त्यांनी फोन माझ्या हातात दिला आणि सायकल सोडून रस्त्याकडं पाठ करून रडायला लागले, मोठ्यानं, लहान मुलासारखं. वहिनींच्या वेळी मी त्यांना रडताना बघितलं नव्हतं. फोनमध्ये प्रवीण “काका, काका” करत होता. नंतर लावतो, एवढंच मी त्याला म्हणालो. मागून येणाऱ्या ट्रॉलीवाल्यानं काय झालं म्हणून हातानं खुणावलं, त्याला मी जा म्हणून मान हलवली. मग फोन खिशात टाकला, अण्णांची कलंडलेली सायकल उचलली आणि ते थांबेपर्यंत दोन्ही सायकली धरून उभा राहिलो.